चिंचणीकर काकांचा मेल

"मॅडम, माणूस रिटायर झाला की त्याच्या मेलचं काय होतं ओ?"

चिंचणीकर काका माझ्या केबिनच्या दारात उभे होते, चपला बाहेर काढून. केबिन कसली, सर्व्हरची खोली होती ती. धूळ नको म्हणून मी दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी लावली होती आणि आख्ख्या कारखान्यात ती पाळणारे काका एकटेच होते. बाकीची मंडळी ओतकामाच्या काळ्या वाळूने भरलेले बूट घेऊन सरळ आत यायची.

"बंद होतो," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला. आपोआप."

"आणि त्यानंतर कुणी त्या पत्त्यावर लिहिलं तर?"

"तर परत जातं."

"साहेबांना सांगून थांबवता येत नाही का?"

"का हो काका? रिटायर होऊन पण डिस्पॅचचे मेल वाचायचेत?"

मी थट्टा केली, पण ते हसले नाहीत. समोरच्या स्टुलावर बसले आणि हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "माझ्या मुलीकडं तेवढाच पत्ता आहे."

याला आता नऊ वर्षं झाली. कुपवाड एमआयडीसीत पंपांची कास्टिंग बनवणारा आमचा कारखाना. तिथली कॉम्प्युटरची सगळी खटपट मी एकटी बघायचे. वय सत्तावीस, नाव अपूर्वा मगदूम, आणि तोरा असा की कारखाना भट्टीवर नाही, माझ्या सर्व्हरवर चालतो. श्रीपाद चिंचणीकर चौतीस वर्षं डिस्पॅचला होते. कुठली गाडी कुठल्या गावाला किती नग घेऊन गेली, हे ते कागद न बघता सांगायचे. एकतीस मार्चला त्यांची निवृत्ती होती. हे बोलणं जानेवारीच्या शेवटी झालं.

बायको गेली तेव्हा त्यांची रेवती दहावीत होती. काकांनी तिला एकट्यानं वाढवलं. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिनंच त्यांना मेल लिहायला शिकवलं, पासवर्डही तिनंच ठेवून दिला. मग रोज जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराला, काका डबा उघडायच्या आधी तिला दोन ओळी लिहायचे. आज शेपूची भाजी केली, करपली. आज वरणात मीठ विसरलो. संध्याकाळी तिचं उत्तर यायचं. अशी चार वर्षं.

"मग तिनं लग्न ठरवलं," काका म्हणाले. "मुलगा आपल्यातला नव्हता. मी नको ते बोललो. मोबाइलचा नंबर बदलला, सांगलीची खोली सोडून इकडं कुपवाडला आलो. सात वर्षं झाली बघा."

"मग तुम्हीच लिहा की तिला."

"लिहिलं की ओ. तिचा पत्ता कॉलेजचा होता, तो बंद झाला. परत आलं." टोपीची घडी त्यांनी उलटी केली, परत सरळ केली. "तिचा राग जायला वेळ लागतो. माझ्यावर गेलीय. पण गेला की लिहील. आणि लिहील ते इथंच. तिला हा पत्ता पाठ आहे."

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणाले, "साहेबांशी बोलते मी. काहीतरी मार्ग काढू."

"बघा तेवढं," म्हणाले आणि चपला घालून गेले.

आता आमच्या 'वॉचमन'बद्दल सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी एका दुपारी कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकदम आडवे झाले होते. कुठूनतरी एक विषारी मेल आला होता, विषय होता 'फोटो', आणि तो काकांनी उघडला होता. तीन दिवस चलनं हातानं लिहावी लागली. काकांना कुणी तोंडावर बोललं नाही, पण पुढं वर्षभर कॅन्टीनमध्ये कुणाचा मोबाइल बंद पडला तरी पोरं म्हणायची, "काय काका, फोटो बघितला काय?" ते मान खाली घालून जेवायचे. तो मेल त्यांनी का उघडला हे मला जानेवारीतल्या त्या दिवशी कळलं. पाच वर्षं मुलीची वाट बघणाऱ्या माणसाला कुणी 'फोटो' म्हणून मेल पाठवला तर तो दुसरं काय करणार?

त्या प्रकारानंतर पाटगावकर साहेबांनी मला नोकरीवर घेतलं आणि मेलवर पहारा ठेवणारं एक सॉफ्टवेअर आणलं. त्यालाच सगळे वॉचमन म्हणायचे. संशयास्पद मेल तो अडवायचा. अनोळखी माणसाच्या मेलवर पिवळी पट्टी लावायचा. शिवाय प्रत्येकाच्या मेलमध्ये एक लाल बटण होतं. मेल खोटा वाटला की ते दाबायचं. सुरुवातीला असा दाबलेला प्रत्येक मेल माझ्याकडे यायचा आणि मी तो डोळ्यांनी बघायचे. दिवसाला चाळीस-पन्नास व्हायला लागले तेव्हा मी वैतागले. ते काम मी वॉचमनकडेच सोपवलं. बटण दाबलं की तो आधीच्या खोट्या मेलांशी तो मेल ताडून बघणार, जुळला तर काढून टाकणार, पाठवणाऱ्याला कायमचा दरवाजा बंद करणार आणि बटण दाबणाऱ्याला 'शाब्बास, धोका टळला' असं कळवणार. माणसाची गरजच नाही. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. मला पुढचे चार दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटला नाही.

मार्चमध्ये एका परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी होती. आमची माणसं मेलच्या बाबतीत किती सावध आहेत, ते ती मंडळी बघणार होती. म्हणून मी अधूनमधून स्वतःच खोटे मेल तयार करून सगळ्यांना पाठवायचे. कुरियर आलंय, बक्षीस लागलंय, असले. जो उघडेल त्याच्यासमोर लाल पान यायचं, 'थांबा! हा सापळा होता.' काका एकदाही सापडले नव्हते. उलट सगळ्यांत जास्त बटणं तेच दाबायचे. आमच्या साहेबांचे मेलसुद्धा त्यांनी दोनदा खोटे म्हणून कळवले होते.

फेब्रुवारीत साहेब म्हणाले, "कुरियर न् बक्षीस काय, शेंबडं पोरगं ओळखेल. चोर काय असा येतो? माणूस बघून सापळा लावा. आणि त्या चिंचणीकरांना नीट तपासा. ते पास झाले की सगळे पास."

माणूस बघून. चिंचणीकरांना काय लिहिलं तर ते उघडतील, हे कारखान्यात फक्त मला माहीत होतं.

मी ते केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दुसरं काहीही सुचू शकलं असतं, पण हेच सुचलं आणि सुचलं तेव्हा मला मी हुशार वाटले. विषय लिहिला, 'बाबा'. खाली एवढंच, 'मी रेवती. फोटो पाठवलेत, इथे बघा.' वेळही निवडली. साडेबारा. मेल पाठवला आणि घड्याळ बघत बसले. चाळीस सेकंदांत लाल पान उघडल्याची नोंद माझ्याकडे आली.

पाच मिनिटांनी काका दारात. चपला बाहेर.

"मॅडम, ते लाल पान आलं."

"काका, तो सापळा होता. चोर असंच करतात. घरच्या माणसाचं नाव घेऊन येतात."

"म्हणजे तिनं नाही पाठवला."

"नाही. मी पाठवला."

"बरं." ते जायला वळले आणि परत फिरले. "पण तिचं नाव चोराला कसं कळणार ओ?"

"कुठूनही कळतं हल्ली. फेसबुकवरून, कुठूनही."

"बरोबर आहे," म्हणाले. "चूक माझीच आहे. घाईनं दाबलं."

शर्टाच्या खिशातून त्यांनी छोटी डायरी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून तिच्यात लिहिलं. मी वाकून वाचलं. 'मुलीच्या नावाने आला तरी उघडू नये.' खाली तारीख टाकली, डायरी खिशात ठेवली आणि गेले. त्यांचा डबा तसाच राहिला असेल त्या दिवशी.

मला लाज वाटली. पण अहवालात मी लिहिलं, 'वैयक्तिक स्वरूपाच्या सापळ्यातून कर्मचाऱ्याला योग्य धडा मिळाला.' साहेबांना ते वाक्य फार आवडलं.

सहा मार्चला तपासणी होती. गिऱ्हाइकातर्फे पुण्याहून दोघेजण आले होते, कोट घालून. माझ्या खोलीत बसून ते वॉचमनच्या नोंदी बघत होते आणि मी त्यांना, सगळं आपोआप कसं होतं, ते रंगवून सांगत होते. पाऊण वाजला असेल. काका दारात आले. चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, आज नाही फसलो बघा! परत तिच्या नावानं आला होता. उघडलासुद्धा नाही. बटण दाबलं. शाब्बास म्हणून उत्तरपण आलं."

पाहुण्यांपैकी एकानं मान वर केली. "हे कोण?"

"आमचे डिस्पॅचचे चिंचणीकर. दोन वर्षांपूर्वी यांच्याच मेलवरून तो सगळा प्रकार झाला होता," मी म्हणाले.

"आणि आता हे स्वतःहून कळवायला येतात? वा!" त्यानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मी काकांकडे बघून हसले. "शाब्बास, काका."

त्या दिवशी मी सगळ्यांना एक खोटा मेल पाठवला होता, कॅन्टीनच्या जेवणाबद्दल. काका त्याबद्दलच बोलत असतील असं मला वाटलं, असं मी नंतर कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. पण 'तिच्या नावानं' हे शब्द मी ऐकले होते. स्पष्ट ऐकले होते. समोर पाहुणे बसले होते, त्यांच्या कागदावर माझ्या कौतुकाचं काहीतरी उमटत होतं, आणि मला त्या क्षणी दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी पेढे वाटले.

एकतीस तारीख उजाडली. चार वाजता कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. मी साहेबांच्या मागे लागून लागून परवानगी मिळवली होती. काकांच्या ऑफिसच्या पत्त्यावर येणारा मेल सहा महिने त्यांच्या नव्या, स्वतःच्या पत्त्यावर जाणार होता. हे त्यांना समारंभातच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तीन वाजता मी ते काम करायला बसले. पत्ता वळवला. मग सहज मनात आलं, यांनी इतकी बटणं दाबलीत, एखादा खरा माणूस अडकून पडला असेल तर मोकळा करावा. काकांसाठी दरवाजा बंद झालेल्यांची यादी उघडली. बरीच लांब होती. जाहिरातवाले, बक्षीसवाले, एक बिचारा ट्रान्स्पोर्टवाला.

आणि रेवती वाघमारे.

सहा मार्च, दुपारी बारा चाळीस. कर्मचाऱ्याने कळवला. आधीच्या खोट्या मेलाशी जुळला. काढून टाकला. पाठवणाऱ्यास बंदी.

आधीचा खोटा मेल म्हणजे माझा. तोच विषय, 'बाबा'. तेच नाव. खाली जोडलेला फोटो. वॉचमनला शिकवायला मी जे दिलं होतं, तेच तो शिकला होता.

काढून टाकलेले मेल नव्वद दिवस राहतात. मी तो उघडला.

'बाबा, आज काय केलंत जेवायला?

मी मिरजेत आहे, दवाखान्यात. पोटात गाठ आहे, चौदा तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर बरं बोलतात, पण मला भीती वाटते. संदेश म्हणतो मी कारखान्यात जाऊन त्यांना घेऊन येतो, पण मी नको म्हटलं. तुम्हाला यायचं असेल तर तुमचे तुम्ही याल. तुम्ही दहा मिनिटं बसून गेलात तरी चालेल. बोलायचं नसेल तर नका बोलू. सोबत सईचा फोटो आहे. चार वर्षांची झाली. नाक तुमचं आहे.'

खाली वॉर्डचा नंबर होता. मी फोटो उघडला नाही.

त्याच्या खाली आणखी तीन नोंदी होत्या. सात मार्च. नऊ मार्च. तेरा मार्च, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. तिन्ही दारातूनच परत पाठवलेले. त्यांत काय लिहिलं होतं ते कुणालाच कधी कळणार नव्हतं, कारण दारातून परत गेलेला मेल वॉचमन ठेवून घेत नाही. पण प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याला एक उत्तर जातं. ते सॉफ्टवेअरबरोबर इंग्रजीत आलं होतं. साहेब म्हणाले होते, आपले लोक इंग्रजी वाचत नाहीत, मराठीत करा आणि जरा कडक करा. मीच लिहिलं होतं ते, एका चहाच्या वेळात.

'तुमचा मेल स्वीकारलेला नाही. या व्यक्तीला तुमच्याकडून मेल नको आहेत. कृपया या पत्त्यावर पुन्हा लिहू नये.'

आणि खाली, ज्याचा पत्ता असेल त्याचं नाव आपोआप पडायचं. श्रीपाद चिंचणीकर.

कॅन्टीनमधून माइकची घरघर ऐकू येत होती. मी गेले तेव्हा काकांच्या अंगावर शाल होती, हातात नारळ. साहेब सांगत होते, "आणि वर्षभरात सगळ्यांत जास्त खोटे मेल पकडले ते आमच्या चिंचणीकरांनी!" त्यांनी काकांना 'दक्ष कर्मचारी' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं. ज्या पोरांनी काकांना वर्षभर छळलं होतं, तीच उभी राहून टाळ्या वाजवत होती. काकांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. हे आजच सांगायला हवं का, असा विचारही माझ्या मनात आला. आला, हे खोटं कशाला बोलू?

पांगापांग झाल्यावर मी त्यांना खोलीत बोलावलं. शालीसकट आले. दारात चपला काढल्या.

"काका, सहा तारखेला तुम्ही जो मेल कळवलात ना, तिच्या नावाचा..."

"हां. पकडला की तो."

"तो मी पाठवला नव्हता."

त्यांना कळलं नाही. "मग कुणी?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा लावला. वाचायला खूप वेळ लागला, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. मग हळूच विचारलं, "आज तारीख किती?"

तारीख त्यांना माहीत होती. आज ते रिटायर झाले होते.

"मिरज जवळच आहे," काका उठत म्हणाले. "ऑपरेशननंतर पंधरा-वीस दिवस ठेवतात. असेल अजून. तुम्ही सोडता का मला?"

माझ्या स्कूटरवर शाल सावरत ते मागे बसले. नारळ टेबलावरच राहिला. वाटेत एकदाच बोलले, "जरा हळू चालवा, चुकून पडायला नको. तिला बघायचंय." दवाखान्यात मी काउंटरवर नाव सांगितलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर चाळलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण पेशंटचे?"

"वडील," काका म्हणाले.

त्या बाई उठून काउंटरच्या बाहेर आल्या. तेवढ्यावरूनच मला कळलं. रेवती सोळा तारखेला गेली होती.

काका रडले नाहीत. बाकावर बसले आणि म्हणाले, "पाणी मिळेल का जरा?"

दुसऱ्या दिवशी त्यांना जयसिंगपूरला जावईबापूंकडे जायचं होतं. दवाखान्यातून पत्ता मिळाला होता. "मला एकट्याला जमायचं नाही," म्हणाले. मी तर त्यासाठी रात्रभर वाक्यं जुळवत होते. सरळ सांगायचं, चूक माझी आहे, खोटा मेल मी लिहिला, ते उत्तरही मी लिहिलं, यांना काही माहीत नव्हतं. काकांना मी तसं सांगितलंही.

संदेश वाघमाऱ्यांनी दार उघडलं. डोक्यावर नुकतेच केस यायला लागले होते. काकांना त्यांनी कधी पाहिलं नसणार, पण ओळखलं. आत यायला सांगितलं नाही.

"आता कशाला आलाय?"

"काल कळलं," काका म्हणाले.

"काल कळलं? तिनं चार वेळा लिहिलं तुम्हाला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेरा तारखेला तिचं न ऐकता मी आलो होतो तुमच्या कारखान्यावर. गेटवर उभा होतो, पाच वाजता. वॉचमनला तुमचं नाव सांगायला लागलो, तेवढ्यात तिचा फोन आला. म्हणाली, परत ये, बाबांचं उत्तर आलंय, तिसऱ्यांदा तेच आलंय. आता त्यांना त्रास द्यायला नको."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. तो रेवतीचा असावा, मागे लहान मुलांचे स्टिकर लावलेले होते. त्यांनी तो काकांच्या तोंडासमोर धरला.

"हे तुमचंच ना? खाली नाव आहे."

आत कुणीतरी चाकाची गाडी फरशीवरून ओढत होतं. गाडी थांबली. एक मुलगी खोलीच्या दारातून डोकावली. नाक काकांचं होतं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. काकांनी हात आडवा केला. मला लागेल इतक्या जोरात.

"हो," ते म्हणाले. "मीच."

संदेशनी मोबाइल खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "ह्या कोण?"

"ऑफिसातल्या आहेत. मला गाडी येत नाही, म्हणून सोडायला आल्यात."

"तिला आजोबा नाहीत असंच सांगितलंय आम्ही," संदेश म्हणाले. "ते तसंच राहू दे. परत येऊ नका."

दार बंद झालं. कडी लावल्याचा आवाज आला. काका जिना उतरले, स्कूटरपाशी येऊन थांबले.

"असं का केलंत?" मी ओरडलेच. "तुम्ही नव्हतं लिहिलं! मी सांगते त्यांना. आत्ता जाते. तुम्हाला नातीला भेटू देतील ते."

"काय सांगणार? ती मशिनच्या चुकीमुळं तशी गेली म्हणून? त्या माणसाला आता माझा राग तरी आहे. तोपण काढून घेऊ नका." त्यांनी सीटवरची धूळ हातानं पुसली. "आणि तुमच्या मशिननं वेगळं काय सांगितलं ओ? ती लग्नाचं सांगायला आली होती ना, तेव्हा दारात उभा राहून मी तिला हेच बोललो होतो. तू मला नको आहेस, परत लिहायचं नाही. कृपया तेवढं नव्हतं त्यात."

मी जिन्याकडे बघितलं. बारा पायऱ्या होत्या. वर जाऊन दार वाजवलं असतं तर संदेशनी ते उघडलं असतं, मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित पोलिसांत गेले असते, साहेबांना कळलं असतं. आणि कदाचित, राग ओसरल्यावर, महिन्यातून एखाद्या रविवारी त्या मुलीला घेऊन कुपवाडला आले असते. हे सगळं मला त्या वेळी, तिथे उभ्या उभ्या, लख्ख दिसत होतं.

मी स्कूटर सुरू केली. काका मागे बसले. एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत मला जे वाटत होतं त्याला दुसरा शब्द नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

काका त्यानंतर पाच वर्षं जगले. मी वर्षभरात पुण्याला नोकरी घेतली, याहून मोठ्या पगाराची, याच कामाची. सई आता तेरा वर्षांची असेल. तिच्या आईचा मोबाइल तिच्या घरात कुठंतरी असेल आणि ते उत्तर तिनं वाचलं असेल, खाली आजोबांचं नाव आहे तेही. आजोबांनी आईला मरताना काय लिहिलं, हे तिला पाठ असेल. ते मी लिहिलं होतं.